रोहितांच्या वाटची लाली

माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. नाकावर बसायला त्याला घटकाभर तरी थांबावं लागेल. माझा राग थेट तोंडातून बाहेर पडतो. म्हणून पक्षी-उद्यानात सगळे मला 'ठिणगी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पक्ष्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान तिखट आहेत.

हो, पक्ष्यांचं स्वयंपाकघर. मी तिथली स्वयंपाकीण. घुबडांचं मांस तोडायचं, पोपटांची फळं चिरायची, बदकांचे दाणे भिजवायचे आणि रोहितांचा लगदा कालवायचा. हाताखालची बाई काम सोडून गेली, तेव्हापासून सगळं एकटीनं. बदली माणूस येणार, येणार म्हणतात. पाव्हणा येणार म्हणून किती दिवस दारात उभं राहायचं?

रोहित म्हणजे फ्लेमिंगो, ते लांब तंगड्यांचे, वाकड्या चोचीचे गुलाबी पक्षी. बघायला येणाऱ्यांना वाटतं, हे जन्मजात गुलाबी. कसले हो! पिल्लू निघतं ते राखाडी, धुळीत लोळल्यासारखं. रंग येतो तो पोटातून. खाऱ्या पाण्यात ते बारीक कोळंबी आणि शेवाळ खातात, त्यातला तांबडा रंग पिसांत उतरतो. आमच्या सिमेंटच्या तळ्यात ती कोळंबी कुठून यायची? म्हणून लगद्यात एक भुकटी घालतात. डब्यावर तिचं नाव लिहिलंय अ‍ॅस्टाझँथिन. आम्ही तिला लाली म्हणतो.

ही लाली नुसती पोटात जाऊन गप्प बसत नाही. विणीच्या दिवसांत रोहित शेपटीजवळच्या ग्रंथीतलं रंगीत तेल गालाला घेतो आणि मानेला, पाठीला चोळतो. चक्क मेकअप. जो जास्त गुलाबी, त्याचं आधी जमतं. लाली बंद केली की थोड्याच आठवड्यांत मेकअप उतरतो, आणि मग पक्षी एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. माणसांपेक्षा ते निदान उघडपणे वागतात.

या मोसमाच्या सुरुवातीला मोठे साहेब तळ्यापाशी आले. मोठे साहेब म्हणजे उद्यानाचे प्रमुख, वाईट माणूस नाही, पण त्यांच्यावर त्यांच्याहून मोठे साहेब आहेत. म्हणाले, "गेली कित्येक वर्षं यांनी एकही अंडं घातलेलं नाही. दुसऱ्या उद्यानाकडे मोठा थवा आहे, ते यांना सामावून घ्यायला तयार आहेत. या मोसमात अंडं दिसलं तर राहतील. नाहीतर मोसम संपला की गाडी येईल."

वीस पक्षी. सगळे मी भरवलेले. त्यांच्या पुढे पुढे चालणारा म्हातारा नर, ज्याला मी मुकादम म्हणते, तो तर माझा आवाज ऐकून मान उंचावतो. हा थवा गेला तर मी रोज सकाळी कुणासाठी उठायचं, हा प्रश्न मला पडला आणि मी साहेबांवर ओरडले. साहेब म्हणाले, "मी समजू शकतो," आणि निघून गेले. समजूतदार माणसावर ओरडण्यात काही मजा नसते.

घरी येऊन मी तेच अण्णांना ओरडून सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. लोक खिशातल्या फोनमध्ये वेळ बघायला लागले तसं अण्णांनी दुकान आवरलं. शोकेसचे उंच आरसे, चाकांच्या डब्या, डोळ्याला लावायचं भिंग आणि एक चिमुकला तराजू असं सगळं घरी आलं, आणि अण्णाही घरी आले. उद्यानाच्या मागच्या फाटकाला लागून आमचं घर. राहणारे आम्ही दोघंच.

रिकामा माणूस घरात असला की तो चमचे मोजतो. मी अण्णांना काम दिलं. लालीला ऊन आणि उष्मा सोसत नाही, आणि स्वयंपाकघरातला फ्रिज सतत उघडझाप करून अर्धमेला झालाय. म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंना विचारून मोठा डबा आमच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवला होता. रोज सकाळी अण्णा भिंग लावून, चिमुकल्या तराजूवर दिवसाची लाली तोलायचे, बाटलीत भरायचे आणि बाटली माझ्या पिशवीत ठेवायचे. कणभर इकडे नाही की तिकडे नाही. तोलताना मी शिंकले तर पुन्हा पहिल्यापासून.

तोलून झालं की माझ्यासाठी ऑम्लेट करायचे. "उभ्यानं खाऊ नकोस," असं म्हणायचे आणि मी उभ्यानंच खायचे. पण ऑम्लेट मात्र हल्ली फार देखणं व्हायचं. असं केशरी की बघत राहावं. "अंडी कुठून आणता?" मी विचारलं. "कोपऱ्यावरच्या दुकानातून," अण्णा म्हणाले आणि कढई घासायला लागले.

आणि मग रोहित फिके पडायला लागले.

आधी मानेचा रंग गेला, मग पाठीचा. मुकादम तर धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखा दिसायला लागला. मोसमाचं नाचणं, माना झटकत एका रांगेत चालणं, सगळं थंडावलं. लोक विचारायचे, "हे बगळे आहेत का?" एकाला मी उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. त्यांची विष्ठा जांभळट लाल झाली होती. मी म्हटलं, बघा, रंग आत राहतच नाही, सरळ खाली उतरतोय! मी भुकटी पुरवणाऱ्याला फोन केला आणि त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तो बिचारा म्हणाला, "बाई, तीच भुकटी आणखी चार ठिकाणी जाते, तिथले पक्षी लालबुंद आहेत." मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. मग मी तळ्याच्या पाण्याला दोष दिला, उन्हाला दिला, पिंजरे धुणाऱ्या काकांच्या साबणालाही दिला.

काका शांत माणूस. साबणाची वडी मला दाखवली आणि म्हणाले, "पक्ष्यांचं राहू द्या, तुम्ही तोंडाला काय लावता ते सांगा. माझ्या बायकोला हवंय. काय तजेला आलाय हो तुमच्या चेहऱ्यावर!"

"राग लावते," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ."

पण मनातून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी वाटेत दोन-तीन खिडक्यांच्या काचांत डोकावले. खरंच गाल चांगले दिसत होते. एवढी काळजी, एवढी धावपळ, आणि मी खुलले होते. मला वाटलं, काळजी मला मानवते.

शेवटी डॉक्टरबाईंनी माझं ओरडणं थांबवलं. पक्ष्यांच्या या डॉक्टरबाई वयानं माझ्याहून लहान, पण डोकं थंड. त्या स्वयंपाकघरात आल्या, दोन पेले मागितले, एकात पाणी घेतलं, एकात तेल, आणि माझ्या बाटलीतली चिमूट दोन्हींत टाकली.

"ताई, लाली तेलात उतरते. पाण्यात तिचं काही चालत नाही," त्या ढवळत म्हणाल्या. "आता बघा."

तेल होतं तसंच राहिलं. तळाशी लाल भुगा, बस. पाणी मात्र बघता बघता जांभळट लाल झालं. मला तो रंग ओळखीचा वाटला. घरच्या सिंकमध्ये मी तो पाहिला होता.

"हे बीट आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सुकवून कुटलेलं. बिटाचा रंग पिसांत उतरत नाही. एकीकडून जातो, दुसरीकडून येतो."

"पुरवणाऱ्यानं बीट भरलं!" मी किंचाळले. "आता बघतेच त्याला—"

"थांबा. परवा तुम्ही म्हणालात ना, कोपऱ्यावरच्या दुकानातली अंडी फार केशरी निघतात? मी मुद्दाम आणली. माझी तर साधी पिवळी निघाली." असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. "जरा तुमचे तळहात बघू."

मी मोठ्या तोऱ्यात दोन्ही हात पुढे केले. खिडकीच्या उजेडात त्यांनी स्वतःचा तळहात माझ्या तळहाताशेजारी धरला. त्यांचा माणसासारखा होता. माझा मावळतीच्या ढगासारखा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ताई," डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या, "तुमच्या रोहितांची लाली सापडली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सगळ्या जगाला चोर म्हणत फिरत होते आणि चोरीचा माल माझ्याच गालावर होता. काका दारात उभे होते. साबणाची वडी खिशात ठेवून ते हळूच निघून गेले.

मी घरी गेले ती दार ढकलूनच. अण्णा ओट्यापाशी होते. ओव्हनच्या ट्रेवर बिटाच्या चकत्या ओळीनं मांडलेल्या, घड्याळाच्या तबकड्यांसारख्या एकसारख्या. मला बघून त्यांनी ट्रेवर टॉवेल टाकला.

"झाकू नका! मला सगळं कळलंय! लाली कुठे जाते, अण्णा?"

अण्णांनी भिंग डोळ्यावरून काढलं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि आता उपयोगही नव्हता. "ऑम्लेटमध्ये," ते म्हणाले. "तेलाबरोबर घेतली तरच अंगी लागते, असं त्या डब्यातल्या पत्रकात लिहिलंय. अंड्यात बलकाचं तेल असतंच. वर मी लोणी घालतो."

"सगळी? वीस पक्ष्यांची सगळी लाली मला?"

"मी हिशोब केला होता," अण्णा जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. "एक पक्षी केवढा? मांजराएवढ्या वजनाचा. तू त्याच्या वीसपट. मग एका पक्ष्याला एक वाटा, तर तुला वीस वाटे. बरोबर वीसच होते. मी म्हटलं, किती नेमकं बसलं."

जन्मभर सूक्ष्म वजनं तोलणाऱ्या माणसाचा हिशोब. त्यात चूक काढायला जागा नव्हती, फक्त सगळाच चुकला होता.

"आणि त्या पक्ष्यांचं काय?"

"त्यांना बीट दिलं की! लाल ते लाल. बिटातही गुण असतात. मी काही त्यांना उपाशी ठेवलं नाही."

"पण का, अण्णा? मी काय मागितलं होतं तुमच्याकडे?"

अण्णांनी ओट्यावरचं एक कात्रण माझ्यापुढे सरकवलं, वर्तमानपत्राच्या आरोग्याच्या पानाचं. डोळ्यांना चांगलं, त्वचेला चांगलं, सांध्यांना चांगलं, थकवा घालवतं, पेशींना गंज लागू देत नाही, असं काय काय. शेवटच्या वाक्याखाली अण्णांनी रेघ ओढली होती. घड्याळजीला गंज म्हटलं की झोप येत नाही.

"तू जेवणाचा डबा न उघडता परत आणतेस," ते म्हणाले. "रोज. त्या पोपटांची फळं तोलून मापून कापतेस आणि स्वतः उभ्यानं दोन घास ढकलतेस. एकदा खिडकीतून तू येताना दिसलीस. अगदी पांढरी. मला क्षणभर वाटलं, तुझी आईच येतेय." ते हातातलं भिंग पुसायला लागले. "तिचा रंगही असाच उडत गेला. रोज माझ्यासमोर जेवायला बसायची. मी मान खाली घालून दुसऱ्यांची घड्याळं बघत होतो. यावेळी मला दिसलं, म्हणून..."

मला रडू आलं. आणि रडू आलं म्हणून राग आला.

"छान!" मी नाक पुसत ओरडले. "माझा रंग आला आणि माझा थवा चालला! अंडं नाही दिसलं तर गाडी येणार आहे, अण्णा! मुकादम जाणार!"

अण्णांचा चेहरा पडला. गाडीचं मी त्यांना सांगितलं होतं, पण मी सगळंच ओरडून सांगते, त्यामुळे कुठलं खरं मोठं आणि कुठलं उगीच, हे त्यांना कळत नाही. दोष माझ्या आवाजाचा होता. तरी मी दार आपटलंच.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना घेऊन डॉक्टरबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी आधी अण्णांची शाळा घेतली. "अण्णा, पक्ष्यांची भुकटी माणसानं खायची नसते. ती माणसांसाठी तपासलेली नसते. नशीब, नुसता रंग चढला. तो आपोआप उतरेल. आणि डोळे, त्वचा, सांधे म्हणता, तर अजून थोडेच प्रयोग झालेत, काहींत थोडा फायदा दिसला, काहींत नाही. माणसांसाठीच्या गोळ्या मिळतात, पण त्याही डॉक्टरांना विचारून घ्यायच्या, तराजूला विचारून नाही."

"मग हिनं खायचं काय?" अण्णांनी विचारलं. त्यांना बाकीच्या भाषणात रस नव्हता.

"जेवण!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही लाली हवीच असेल तर कोळंबी, खेकडा, साल्मन मासा. शिजवल्यावर कोळंबी लाल होते ना, ती हिच्यामुळेच. मूळची ती एका शेवाळाची. डबकं सुकायला लागलं, ऊन भाजायला लागलं की ते शेवाळ स्वतःला वाचवायला लाल होतं. बाकी गाजर, टोमॅटो, लाल ढोबळी मिरची यांत तिची भावंडं असतात. पण ताई, बसून खायचं."

"शेवाळ हिच्यासारखंच आहे," अण्णा म्हणाले. "भाजायला लागलं की लाल."

मी काही बोलले नाही. मनातल्या मनात मात्र बोलले.

त्या दिवसापासून लाली पुन्हा लगद्यात जायला लागली. साहेबांनाही सगळं सांगितलं. ते बराच वेळ माझ्या तळहातांकडे बघत राहिले. गाडी पुढे ढकलणं त्यांच्या हातात नव्हतं, तेवढं त्यांनी खरं सांगून टाकलं. रंग वेळेत परत येईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रंग आला तरी थवा लहान आहे. रोहितांना गर्दी लागते. आजूबाजूला आपल्यासारखे भरपूर दिसले की मग ते घर मांडायचा विचार करतात. काही ठिकाणी तळ्याकाठी आरसे लावतात, मोठे."

"मोठे आरसे आपल्याकडे कुठले?" मी म्हटलं.

"आहेत," अण्णा म्हणाले.

आमच्या दुकानातले शोकेसचे आरसे अण्णा आणि काका मिळून हातगाडीवर घालून घेऊन आले. अण्णांनी कडा घासून बोथट केल्या, मागे पट्ट्या ठोकल्या, आणि तळ्याच्या चिखलाच्या काठाला ते असे उभे केले की ऊन परतून डोळ्यांत जाणार नाही. ज्या आरशांत गिऱ्हाइकांनी मनगटं वळवून वळवून बघितली होती, त्यांच्यापुढे मुकादम येऊन उभा राहिला. त्यानं मान डावीकडे झटकली. आरशातल्यानंही झटकली. मुकादमाला तो पाव्हणा फार पसंत पडला.

हळूहळू रंग परत आला. आधी मुकादमाच्या मानेला, मग बाकीच्यांना. मग नाच सुरू झाला, विसांचा नाही, चाळिसांचा. मग एक जोडी चोचीनं चिखल ओढून ढीग रचायला लागली, मुकादम आणि एक तरुण मादी. म्हाताऱ्याचं जमलं होतं! मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. घरट्यापाशी आवाज झाला की अख्खा थवा उधळतो.

मला सांगितलं गेलं, ओरडायचं नाही. हे म्हणजे माशाला सांगणं, भिजू नकोस. पण मी गप्प राहिले. इतकी गप्प की काकांनी विचारलं, "बरं नाही का?"

माझ्या तळहातांचा रंग तेवढ्यात उतरला होता. आता माझ्या गालांना कुणी काही म्हणत नव्हतं.

अण्णा मात्र रोज दुपारी तळ्याकाठच्या बाकावर डबा घेऊन यायला लागले. येऊन बसायचे, आणि मी बसेपर्यंत डबा उघडायचे नाहीत. गाडी यायचे दिवस जवळ आले होते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, तरी बसावं लागायचं.

त्या दुपारीही मी हात पुसत आले आणि बसायच्या आधी सवयीनं घरट्याकडे बघितलं. मुकादम चिखलाच्या ढिगावर बसला होता. तो उठला, लांब तंगड्या सावरल्या, मान खाली घालून चोचीनं काहीतरी अलगद फिरवलं. पांढरं. एकच.

माझ्या घशात आवाज आला तो मी तिथेच गिळला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुजबुजले. "अण्णा! अंडं! अंडं आहे!"

"दिसलं मला मघाशी," अण्णाही कुजबुजले. "ते कुठे पळून जात नाही. आधी डबा."

"अहो, रोहित इथेच राहणार! गाडी येणार नाही! मुकादम—"

"बस."

मी बसले. मला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि दोन्ही आवाज न करता करायचं होतं. डब्यात गाजर आणि ढोबळी मिरची घातलेलं ऑम्लेट होतं, साधं पिवळं. समोर आरशांत सगळा गुलाबी घोळका दिसत होता आणि त्याच्या मागे बाकावर आम्ही दोघं. बाकावर दोन, आरशात दोन. खूप दिवसांनी जेवायला घरात माणसं आहेत असं वाटलं.

मी सगळं खाल्लं. अण्णांनी डबा माझ्या हातातून घेतला, घड्याळ धरायचे तसा उजेडाकडे धरला, आत काही उरलं नाही ना ते कोपऱ्या-कोपऱ्यातून बघितलं, आणि मग अंड्याकडे वळून म्हणाले, "हं. आता दाखव कुठाय ते."